रामायण टेपवर आहे, रिडल्सचा मोर्चा कुठे आहे?

नागपूरच्या सुखवस्तू वस्त्यांमध्ये घराचे नूतनीकरण निघाले की माळ्यावरून काळ्या प्लास्टिकच्या व्हिडिओ कॅसेट खाली येतात. पाठीवर पांढरी पट्टी आणि तिच्यावर बॉलपेनची अक्षरे: रामायण, महाभारत, वर्ल्ड कप, ताईचे लग्न. ३१ ऑक्टोबर १९८७ ला याच शहराच्या मैदानावर चेतन शर्माने हॅट्ट्रिक घेतली आणि गावस्करने शतक ठोकले. तो सामना ज्यांनी घरच्या व्हीसीआरवर उतरवून ठेवला, ते आजही पाहुण्यांना अभिमानाने सांगतात. सांगोत बापडे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. त्याच वर्षांत, त्याच पडद्यावर आपल्या समाजाविषयी जे दाखवले गेले, जे बोलले गेले आणि जे मुद्दाम दाखवले गेले नाही, त्याची टेप कोणाच्या माळ्यावर आहे?

तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. रामानंद सागरांचे रामायण दूरदर्शनवर सुरू झाले २५ जानेवारी १९८७ ला आणि संपले ३१ जुलै १९८८ ला. दर रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, टीव्हीला हार घातले जात. नेमक्या याच काळात महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा चौथा खंड, म्हणजे 'रिडल्स इन हिंदुइझम', प्रकाशित केला. राम आणि कृष्णावरील परिशिष्ट वगळा म्हणून गदारोळ झाला आणि ग्रंथाची होळी झाली. त्याला उत्तर म्हणून ५ फेब्रुवारी १९८८ ला मुंबईत राज्यभरातील आंबेडकरी जनतेचा प्रचंड मोर्चा निघाला. परिशिष्ट राहिले. शासनाने मात्र या मतांशी आपण सहमत नाही अशी टीप जोडून अंग काढून घेतले.

एकाच देशात, एकाच वेळी रामाविषयी दोन गोष्टी चालू होत्या. एकीला दर आठवड्याला सरकारी प्रक्षेपक, करोडो प्रेक्षक आणि घरोघरचे व्हीसीआर मिळाले. दुसरीला रस्ता मिळाला. पुढे १९९१ च्या लोकसभेत या मालिकेतली सीता आणि रावण दोघेही एकाच पक्षाच्या, म्हणजे भाजपच्या, तिकिटावर निवडून गेले. ज्यांना अजूनही वाटते की टीव्हीवरची मालिका म्हणजे नुसती करमणूक, त्यांनी हे एक वाक्य पुन्हा वाचावे. आणि २८ मार्च २०२० ला, टाळेबंदी लागून चार दिवस झाले नाहीत तोच, तीच मालिका दूरदर्शनने पुन्हा लावली. लावता आली, कारण जपून ठेवली होती. जे जपले जाते ते बत्तीस वर्षांनी हवे तेव्हा बाहेर काढता येते. ५ फेब्रुवारीच्या मोर्चाचे तसे काही बाहेर काढायचे ठरवले तर आपण कोणते कपाट उघडणार?

आता कोणी म्हणेल की तेव्हा आपल्या लोकांकडे व्हीसीआर होताच कुठे. बरोबर आहे, आणि म्हणूनच हा विषय जातीचा आहे. इंदोरा, बेझनबाग, पाचपावली, इमामवाडा, रामबाग या वस्त्यांत ऐंशीच्या दशकात जे यंत्र येत असे ते भाड्याने, एका रात्रीपुरते, रंगीत टीव्हीसकट, तीन पिक्चरच्या कॅसेट घेऊन. आणि ते यंत्र बहुतेक वेळा व्हीसीआर नसेच, व्हीसीपी असे. आजच्या पिढीला यातला फरक माहीत नाही म्हणून सांगतो. व्हीसीआर कॅसेट दाखवतो आणि टीव्हीवरचे उतरवूनही घेतो. व्हीसीपी फक्त दाखवतो, त्याला रेकॉर्डचे लाल बटणच नसते. तो स्वस्त पडे म्हणून भाड्याच्या धंद्यात तोच चाले. एका समाजाच्या घरात लिहिणारे यंत्र होते आणि दुसऱ्या समाजाच्या वस्तीत फक्त वाचून दाखवणारे, तेही तासाच्या हिशेबाने. ज्यांच्या पूर्वजांना लिहिण्याची बंदी होती त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगण्याची गरज नसावी.

तरी नव्वदच्या दशकात चित्र बदलले. ऑर्डनन्स फॅक्टरी, रेल्वे, पोस्ट, बँका, शाळा यांत राखीव जागांवर लागलेली पहिली-दुसरी पिढी स्थिरावली आणि आपल्याही घरांत व्हीसीआर आला. शिक्षक असलेल्या कितीतरी बापांनी १४ एप्रिल, ६ डिसेंबर आणि अशोक विजयादशमीला टीव्हीवर जे काही दाखवले ते उतरवून घेतले. बापाने म्हटले खरे, पण बहुतेक घरांत टायमर लावता येत असे तो नववी-दहावीतल्या मुलीला. त्या टेप आहेत. भीमगीतांचे कार्यक्रम, चर्चा, बातम्यांचे तुकडे, जयंतीच्या मिरवणुका, असे बरेच काही आहे. आम्ही त्यातल्या काही पाहिल्या आहेत. बुरशीने पांढऱ्या पडलेल्या, उन्हाळ्यात पत्र्याखाली तापलेल्या, पावसाळ्यात दमट झालेल्या. नागपूरचे हवामान चुंबकीय टेपचा वैरी आहे.

आणि याच टेप आज भंगारात चालल्या आहेत. जुनी वस्ती सोडून फ्लॅटमध्ये जाताना बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर आधी हलवली जाते, हे योग्यच. पण कॅसेटचे खोके 'आता कोण बघतो' म्हणून भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवले जाते. किलोवर. त्यात काय होते हे देणाऱ्यालाही माहीत नसते, घेणाऱ्यालाही नसते.

चळवळीतले काही विद्वान यावर दोन उत्तरे देतात. पहिले असे की हे जतन करणे सरकारचे, दूरदर्शनचे काम आहे. दुसरे असे की सगळे यूट्यूबवर मिळते, उगाच स्मरणरंजन कशाला.

पहिल्या उत्तराचा समाचार आधी घेऊ. टेप महाग म्हणून जुन्यावर नवे उतरवायचे, ही जगभरच्या टीव्ही संस्थांची रीत होती. बीबीसीसारख्या संस्थेने 'डॉक्टर हू' या आपल्या गाजलेल्या मालिकेचे साठच्या दशकातले भाग पुसून टाकले. नव्वदच्या वर भाग आजही हरवलेले आहेत. त्यांचा आवाज तेवढा शिल्लक आहे, तो संस्थेमुळे नाही. घरी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर धरून बसलेल्या पोरासोरांमुळे आहे. दूरदर्शननेही आपला बराचसा जुना ठेवा असाच गमावला. म्हणजे संस्था जेव्हा स्वतःच्या लाडक्या मालिका जपत नाहीत, तेव्हा त्या तुमच्या मोर्चाची टेप जपतील? संस्था काय ठेवते ते तिच्या लेखी महत्त्वाचे काय यावर ठरते. १९५५ ची बाबासाहेबांची बीबीसी मुलाखत आज आपण ऐकतो, गांधींविषयी ते काय बोलले ते त्यांच्याच आवाजात ऐकतो, कारण लंडनमध्ये कोणाला तरी ती ठेवावीशी वाटली. असा आवाज आपल्याकडे किती मिनिटांचा आहे? ज्या माणसाने आयुष्यभर परिषदा, सभा, विधिमंडळ, संविधान सभा गाजवली, त्याच्या आवाजासाठी आपल्याला मोजक्या ध्वनिमुद्रणांवर भागवावे लागते.

कागदांचेही तेच झाले होते. महापरिनिर्वाणानंतर बाबासाहेबांची हस्तलिखिते वर्षानुवर्षे कोर्टकज्ज्यात आणि सरकारी ताब्यात पडून होती. पहिला खंड निघायला १४ एप्रिल १९७९ उजाडावा लागला. ते काम उभे केले ते आपल्या नागपूरच्या वसंत मून यांनी. ज्यांनी 'वस्ती' वाचले आहे त्यांना ठाऊक आहे की हा माणूस कोणत्या मातीतून आला. सरकारी पद त्यांना होते, पण पद असलेले अधिकारी शेकड्यांनी होते. कागदांमागे लागणारा तो एक होता. आणि एवढे होऊनही 'रिडल्स'ची अंतिम प्रत सापडली नाही. सुटी प्रकरणे जुळवून खंड करावा लागला. मग विरोधकांनी त्यातच खुसपट काढले की हे परिशिष्ट बाबासाहेबांना छापायचे होते कशावरून? हरवलेले पान शत्रूच्या उपयोगी पडते, हे आपण १९८८ मध्ये पाहिले आहे. वामनराव गोडबोल्यांनी चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, टाईपरायटर, वापरातल्या वस्तू जमवल्या नसत्या तर त्या आज कुठे असत्या, याचाही विचार करा.

आता दुसरे उत्तर, यूट्यूबचे. यूट्यूबवर तेच असते जे कोणीतरी आधी उतरवून ठेवले आणि मग चढवले. टेप माळ्यावरच कुजली तर यूट्यूबवर येणार कुठून? आणि चढवलेलेही राहते याची हमी काय? वाहिन्या आपले जुने व्हिडिओ काढून टाकतात, मथळे बदलतात, खाती बंद पडतात. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला हल्ला झाला, ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. त्या तीन दिवसांत कोणत्या मराठी वाहिनीने खाली कोणती पट्टी चालवली, हल्लेखोरांना 'जमाव' आणि बंद करणाऱ्यांना 'दंगेखोर' कोणी म्हटले, कोणत्या निवेदकाने कोणाला बोलू दिले नाही, हे आज पुराव्यानिशी कोण मांडू शकेल? रागाने सांगणारे हजार मिळतील. दाखवणारे किती?

पुरावा हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही. ११ जुलै १९९७ आठवा. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. सरकार शिवसेना-भाजपचे होते. पोलिसांचा सारा बचाव एका चित्रावर उभा होता: जमाव गॅसचे टँकर पेटवत होता, स्फोट झाला असता, म्हणून गोळी चालवली. मग प्रश्न उरतो तो चित्राचा आणि क्रमाचा. टँकर कुठे उभा होता, गोळ्या कुठे चालल्या, आधी काय झाले आणि नंतर काय? न्या. गुंडेवार आयोगाने गोळीबार समर्थनीय नव्हता असा निष्कर्ष काढला आणि मनोहर कदम या अधिकाऱ्यावर ठपका ठेवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. पुढे तो जामिनावर बाहेर आला. आनंद पटवर्धनांनी चौदा वर्षे कॅमेरा घेऊन या प्रकरणाचा पिच्छा पुरवला, तेव्हा २०११ मध्ये 'जय भीम कॉम्रेड' आला आणि टँकरची कहाणी जगापुढे उघडी पडली. पटवर्धन एकटे. त्या आठवड्यातल्या बातम्या घरी उतरवून ठेवणारी शंभर आंबेडकरी घरे असती तर?

खैरलांजीचे उदाहरण तर घराजवळचे आहे. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांची हत्या झाली. तिथून नागपूर काही तासांच्या वाटेवर. तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला विजयादशमी होती, धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवाची. दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय होता, कॅमेरे होते, निळ्या झेंड्यांची दृश्ये होती. खैरलांजी मात्र पडद्यावर नव्हती. तिला राष्ट्रीय बातमी व्हायला महिना गेला, आणि तीही नागपूर, अमरावती, यवतमाळचे तरुण रस्त्यावर उतरले म्हणून. त्यांनी रस्त्यावर उतरताच गृहमंत्री आर. आर. पाटलांना आंदोलनामागे नक्षलवादी दिसले. आता कल्पना करा की २९ सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच्या रोजच्या संध्याकाळच्या बातम्यांचे सलग मुद्रण आपल्याकडे आहे. त्यात खैरलांजी नाही, हेच त्याचे मोल. माध्यमे गप्प बसली असा आरोप आपण वीस वर्षे करतो. गप्प बसणे दाखवायचे असेल तर त्या दिवशी ते त्याऐवजी काय बोलत होते ते लागते.

हे वेड वाटत असेल तर फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांची माहिती घ्या. कृष्णवर्णीय बाई, ग्रंथपाल, नागरी हक्कांच्या चळवळीतली कार्यकर्ती. १९७९ पासून २०१२ मध्ये मरेपर्यंत तिने घरात अनेक व्हीसीआर लावून अमेरिकेच्या बातम्या रात्रंदिवस उतरवल्या. जेवायला बाहेर गेली तरी टेप बदलायच्या वेळेला घरी परत. शेजारीपाजारी तिला विक्षिप्त म्हणत. वाहिन्या आज एक सांगतात आणि उद्या दुसरे, आणि कालचे पुसतात, एवढेच तिचे म्हणणे होते. ती गेली तेव्हा सुमारे ७१ हजार कॅसेट निघाल्या. त्या आता इंटरनेट अर्काइव्हकडे आहेत. तिने जाहिराती कापल्या नाहीत, हवामानाचा अंदाज कापला नाही, काही निवडले नाही. हे आपल्या लोकांनी शिकण्यासारखे आहे, कारण आपल्याकडे ज्यांनी रेकॉर्ड केले त्यांनीही जाहिरात आली की पॉज दाबला. त्या जाहिरातीत कोणते आडनाव, कोणता रंग, कोणते देवघर विकले जात होते, ते साबणाच्या चाळीस सेकंदांत दिसते, प्राध्यापकांच्या चाळीस पानांत दिसत नाही.

चोरीचा गुन्हा तर होणार नाही ना, ही भीती काही सरकारी नोकर मित्रांनी बोलून दाखवली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सोनीच्या बीटामॅक्स यंत्रावर खटला चालला होता. १७ जानेवारी १९८४ ला पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: नंतर पाहण्यासाठी घरी कार्यक्रम उतरवून घेणे गैर नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही कलम ३९ आहे. स्वतःच्या खासगी उपयोगासाठी, किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले दृश्य वा ध्वनिमुद्रण प्रक्षेपणाच्या हक्काचा भंग ठरत नाही. कलम ५२ मध्ये खासगी उपयोग, टीका आणि समीक्षा यांना जागा आहे. म्हणजे उतरवून ठेवणे आणि अभ्यासासाठी वापरणे याला घाबरायचे कारण नाही. पूर्ण कार्यक्रम चौकात पडदा लावून दाखवणे किंवा जसाच्या तसा इंटरनेटवर टाकणे ही निराळी गोष्ट, तिथे सांभाळून. संविधान लिहिणाऱ्याच्या अनुयायांनी कायदा वाचून घ्यावा, ऐकीव भीतीवर जगू नये.

आमचा खरा राग मंडळांवर आहे. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेला जे भाडे मोजले जाते, त्याच्या तुलनेत हे काम किरकोळ खर्चाचे आहे. एक चालू व्हीसीआर, संगणकाला जोडायचे एक कॅप्चर यंत्र, एक हार्ड डिस्क. तीन तासांची टेप साधारण पाच-सहा गिगाबाईटमध्ये बसते, एका टेराबाईटवर दीडशेच्या वर टेप जातात. पैसा अडत नाही, वेळ अडतो, कारण टेप तीन तासांची असेल तर ती उतरवायला तीनच तास लागतात, त्यात घाई चालत नाही. आणि वेळ थोडा उरला आहे. युनेस्को आणि ध्वनिचित्र संग्राहकांच्या जागतिक संघटनेने २०१९ मध्येच इशारा दिला होता की चुंबकीय टेप वाचवण्याची मुदत साधारण २०२५ पर्यंत आहे. टेप कुजतातच, पण त्याआधी यंत्रे संपतात. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. ती शेवटची कंपनी होती. नागपुरातून आज लॉर्ड बुद्धा आणि आवाज इंडिया यांसारख्या आपल्या वाहिन्या चालतात, ही मोठी गोष्ट आहे. त्यांच्या संचालकांनाही आमचे विचारणे आहे की तुमचे पहिल्या वर्षाचे कार्यक्रम कुठे ठेवले आहेत आणि त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत आहे का?

४ ऑगस्ट १९७८ ला नामांतराच्या आंदोलनात याच शहरात गोळ्या चालल्या. तेव्हा इथे घरोघरी टीव्ही नव्हता, व्हीसीआर तर दूरच. इंदोऱ्याच्या दहा नंबर पुलाजवळच्या स्मारकावर दरवर्षी आपण जमतो आणि साक्षीदार म्हातारे दरवर्षी कमी होतात. त्या दिवसाचे चित्र नाही याला कोणी जबाबदार नाही. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, त्या रात्रीच्या बातम्या मात्र कितीतरी आंबेडकरी घरांत पाहिल्या गेल्या आणि काही घरांत उतरवल्याही गेल्या. त्या टेपवर नंतर कोणी सिनेमा उतरवला नसेल तर त्या अजून आहेत.

तरुणांनो, म्हणून या रविवारी आईवडिलांच्या, मामाच्या, जुन्या शिक्षकांच्या घरी जा. टेप सापडली की लगेच यंत्रात घालू नका. पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्राचे हेड खराब करते आणि पुढच्या दहा टेपना लागते; तशी टेप वेगळी ठेवा. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकचा एक छोटा टवका असतो, तो आधी मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही उतरणार नाही. स्पीकरजवळ ठेवू नका, आडवी रचू नका, पुस्तकासारखी उभी ठेवा. पट्टीवर जे लिहिले असेल त्याचा फोटो काढा. ज्यांनी उतरवली त्यांना विचारून तारीख, वाहिनी, वेळ लिहून घ्या, आणि ते आता लिहा, कारण टेपपेक्षा सांगणारी माणसे आधी जात आहेत. जाहिराती कापू नका.

येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांच्या स्टॉलशेजारी आम्ही एक टेबल लावणार आहोत. टेप आणा, नोंद करा, उतरवलेली प्रत घेऊन जा. मूळ टेप तुमचीच राहील. टेबलावर बसायला आळीपाळीने आठ जण हवेत, त्यात मुली निम्म्या हव्यात. दोन चालू व्हीसीआर आमच्याकडे आहेत. तिसरा हवा आहे, रिमोट नसला तरी चालेल, पण पाल पद्धतीचा हवा आणि त्याचे रिवाइंड चालू हवे.

जय भीम.